प्रतीक्षेचे वाङ्मय : सावित्री आणि अन्ना

आजारी पतीच्या उशाशी बसलेली स्त्री रंगविताना मराठी लेखकाची लेखणी बहुधा सावित्रीकडे वळते. महाभारताच्या वनपर्वातील हे आख्यान काव्य म्हणून थोर आहे, याविषयी दुमत नाही. परंतु मूत्रपिंडाची किंवा यकृताची वाट पाहणाऱ्या आजच्या दांपत्याला त्याचा कितपत आधार होतो, हा प्रश्न समीक्षेने विचारावयास हवा. त्यासाठी आम्ही त्याच्याशेजारी पवित्र शास्त्रातील तोबितचा ग्रंथ ठेवून पाहत आहोत.

प्रथम ही प्रतीक्षा कशी असते ते ध्यानी घेऊ. रुग्णाचे नाव रुग्णालयामार्फत विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या यादीत जाते. मराठवाड्याचे केंद्र छत्रपती संभाजीनगरला, बीडपासून सुमारे सव्वाशे किलोमीटरवर आहे. मूत्रपिंडाच्या रुग्णास आठवड्यातून दोन-तीन वेळा, दर खेपेस सुमारे चार तास डायलिसिसवर राहावे लागते. घरी पिण्याचे पाणीही मोजून द्यावे लागते, आणि तहानलेल्या माणसाला ‘पुरे’ म्हणण्याचे कठोर काम जोडीदाराकडे येते. मेंदुमृत दात्याचा अवयव मिळायचा असेल, तर ज्या निरोपाची वाट पाहायची तो दुसऱ्या घरचा आकांत बरोबर घेऊन येणार असतो. अशी आशा बाळगावी की नाही, हे त्या जोडीदाराला कोणी सांगत नाही.

सावित्रीलाही मुदत ठाऊक होती. सत्यवानाचे आयुष्य एकच वर्ष उरले आहे, हे नारदाचे भाकीत तिने मनात ठेवले आणि आश्रमात कोणापाशी उच्चारले नाही. आपली परंपरा नेमक्या या मौनाचे कौतुक करते. तिचे त्रिरात्र व्रत आणि उपवास आपण आठवतो. मूळ कथा मात्र निराळे सांगते. सत्यवानाचे प्राण मौनाने परत आले नाहीत. सावित्री यमामागे चालत राहिली, बोलत राहिली, आणि तिच्या बोलण्यावर संतुष्ट होऊन यमाने एकेक वर दिला. बोलणाऱ्या सावित्रीला आपण गप्प करून पूजेस बसविले आहे, असे आमचे मत आहे.

आख्यानाची दुसरी अडचण त्याच्या शेवटात आहे. निष्ठा पुरेशी असेल तर प्राण परत मिळतातच, असा त्याचा अर्थ लावला जातो. शेजारच्या लातूरचे विलासराव देशमुख केंद्रीय मंत्री होते. १४ ऑगस्ट २०१२ रोजी चेन्नईच्या रुग्णालयात प्रत्यारोपणाविनाच त्यांचे निधन झाले. तेथे ना अधिकार उपयोगी पडला, ना आप्तांची माया. म्हणून ज्या घरी अवयव वेळेवर पोहोचला नाही, त्या घरच्या पत्नीच्या निष्ठेला उणे लेखण्याचा अधिकार कोणत्याही आख्यानाने आपल्याला दिलेला नाही.

आता तोबितकडे वळू. तोबित आंधळा झाला. दोन वर्षे अहीकार नावाच्या नातलगाने त्याला पोसले. तो परगावी गेल्यावर तोबितची पत्नी अन्ना विणकामाची मजुरी करू लागली. एकदा मालकांनी मजुरीवर एक करडू दिले. ते चोरीचे असावे असा संशय घेऊन तोबितने परत करावयास सांगितले, तेव्हा अन्नाने त्याच्या दानधर्मालाच टोमणा मारला. व्यथित होऊन तोबितने देवाजवळ मरण मागितले. शास्त्रकाराने हे भांडण झाकले नाही, ही या ग्रंथाची मोठी वाङ्मयीन थोरवी. परावलंबी झालेल्या माणसाचा संशय आणि राबून थकलेल्या माणसाची कडू जीभ दोन्ही त्यात आहेत. तरीही ते घर मोडत नाही. पुढे दूरदेशी गेलेल्या मुलाची वाट पाहत रस्त्याकडे डोळे लावून बसलेली हीच अन्ना त्याला सर्वांआधी पाहते.

बीड जिल्ह्यातील वाचकास अन्ना अधिक जवळची वाटावी. येथे ऊसतोडीला जाणाऱ्या पतिपत्नीच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात आणि मुकादमाची उचल त्या जोडीवर मिळते. एकाला डायलिसिस लागले की मागे अर्धा कोयता उरतो. उचल फेडणे, मुले सांभाळणे आणि सव्वाशे किलोमीटरच्या खेपा त्या अर्ध्यावर पडतात. अशा घरी भांडण झाले तर तो प्रेमाचा अभाव नव्हे. एका माणसावर दोन माणसांचे ओझे पडल्याची ती खूण आहे.

आणखी एक गोष्ट सावित्रीच्या छायेत दडून राहते. १९९४ च्या कायद्याने जोडीदारास जवळचा नातलग म्हणून अवयव देता येतो. २०११ च्या दुरुस्तीने, परस्परांशी न जुळणाऱ्या दोन जोड्यांना अदलाबदलीचीही वाट खुली झाली. तरीही १९९५ ते २०२१ या काळात देशात नोंदल्या गेलेल्या ३६,६४० प्रत्यारोपणांपैकी स्त्रियांच्या वाट्याला ६,९४५ च आली, आणि जिवंत दात्यांत मात्र पाचांपैकी सुमारे चार स्त्रियाच असल्याचे दिसते. पत्नीने सावित्री व्हावे ही आपली अपेक्षा. पत्नी यादीत असताना पतीने काय व्हावे, याची कथा आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही.

संत पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९५ च्या ‘एव्हांजेलियुम वीते’ या विश्वपत्रात अवयवदानाची गणना दैनंदिन जीवनातील शौर्यात केली. दात्याला हा मान मिळाला, तो योग्यच. वाट पाहणाऱ्या सोबत्याचे शौर्य मात्र साहित्याने अद्याप लिहावयाचे आहे. ते लिहिताना लेखकाने त्याला थकू द्यावे, रागावू द्यावे, बोलू द्यावे. आणि वाचकहो, तोबितच्या कथेत आपल्यासाठीही एक पात्र आहे. अहीकाराने चमत्कार केला नाही. दोन वर्षे एक घर चालविले. आपल्या धर्मग्रामात असे घर असेल, तर डायलिसिसची एक खेप आपल्याकडे घ्यावी आणि त्या दिवशी त्या जोडीदारास निजू द्यावे.