घरट्यासमोरचा कॅमेरा

शिकारी पक्ष्यांच्या छायाचित्रांत सर्वाधिक वाहवा मिळते ती घरट्यावरच्या छायाचित्रांना. काटक्यांच्या माचावर उभी असलेली मादी, तिच्या नखांखाली भक्ष्य आणि समोर चोच वासून बसलेली पांढरी, लवदार पिल्ले. खाली ओळ बहुधा ठरलेली : ‘आईची माया’. अशा चित्रांकडे पक्षिप्रेमाचा आविष्कार म्हणून पाहण्याची आपल्याला सवय झाली आहे. मला ती कलाकृती म्हणून आणि पुरावा म्हणूनही तपासायची आहेत. कारण या चौकटीत जे दिसते, त्याहून महत्त्वाचे ते चौकटीबाहेर राहून जाते, असे माझे मत आहे.

या परंपरेचे आपल्यावरचे ऋण आधी मान्य केले पाहिजे. इंग्लंडमध्ये रिचर्ड आणि चेरी कीर्टन या भावांनी १८९२ साली अंड्यांसह घरट्याचे छायाचित्र टिपले आणि १८९५ मध्ये ब्रिटिश पक्ष्यांच्या घरट्यांवरचे सचित्र पुस्तक काढले. पक्ष्यांचा अभ्यास म्हणजे बंदूक आणि अंड्यांचा संग्रह, असा तो काळ. कातडे चढवलेल्या पोकळ बैलाच्या पोटात लपून चित्रे घेणाऱ्या या भावांनी अंडे घरट्यातच ठेवून त्याचा अभ्यास करता येतो, हे दाखवून दिले.

पुढच्या पिढीत एरिक हॉस्किंगने हे तंत्र परिपूर्ण केले. वेल्समध्ये १९३७ साली टॉनी घुबडाच्या घरट्याजवळच्या लपणाकडे रात्री जात असताना घुबडाने झडप घातली आणि हॉस्किंगचा डावा डोळा गेला. १९७० साली आलेल्या त्याच्या आत्मचरित्राच्या नावातही डोळा आहे. ही हकीकत आजवर शौर्यकथा म्हणून सांगितली जाते. मला ती निराळी वाचावीशी वाटते. त्या रात्री घुबडाने जे केले, तेही संगोपनच होते. आपल्या आवडत्या ‘आईची माया’ या ओळीचा अर्थ त्या नखांत होता. हॉस्किंगच्या पिढीला पक्ष्याच्या या बाजूची जाण होती. लपण लांब उभारायचे, ते रोज थोडेथोडे पुढे सरकवायचे, दोघांनी आत जायचे आणि एकाने बाहेर पडून निघून जायचे, म्हणजे पक्ष्याला वाटावे की माणूस गेला, ही त्यांची शिस्त. आपण त्यांच्याकडून चित्राचा नमुना उचलला, शिस्त मात्र तिथेच राहिली. घरट्याचा ठावठिकाणा आज फोनवरून तासाभरात पसरतो आणि झाडाखाली एका लपणाऐवजी रांग लागते.

त्या रांगेमुळे काय बिघडते? अंडी उबवण्याच्या काळात दचकलेला पक्षी घरटे कायमचे सोडू शकतो. पिल्ले लहान असताना मादी उडाली, तर त्यांच्यावर ऊन पडते आणि कावळ्यांना वाट मोकळी होते. पिल्ले मोठी झालेली असतील, तर घाबरून वेळेआधीच उडी घेतात. सोनेरी गरुडाची अंडी उबायला सुमारे दीड महिना लागतो आणि पुढे पिल्लू जवळजवळ दहा आठवडे घरट्यात असते. एवढ्या लांबलेल्या काळात त्रासाचे दिवस साठत जातात. छायाचित्रात त्यातले काहीच उमटत नाही.

दुसरा आक्षेप सत्याचा आहे. बहुतेक शिकारी पक्ष्यांत मादी नरापेक्षा मोठी असते. उबवणीच्या आणि पिल्लांच्या पहिल्या दिवसांत शिकार मुख्यतः नर आणतो. मादी त्याचे तुकडे करून भरवते. घरट्यावर रोखलेल्या भिंगाला भरवणारी मादी सतत दिसते, नर क्षणभर येतो आणि जातो. चित्र एका पालकाची कथा सांगते आणि दुसऱ्याला वगळते. सोनेरी गरुडाचे थोरले पिल्लू अनेकदा धाकट्याला टोचून मारते, हेही ‘माया’ या ओळीखाली बसत नाही. म्हणून मी या प्रकाराला भावुक म्हणतो : जवळ जाऊनही तो पक्ष्याला ओळखत नाही.

पर्याय जुनाच आहे. स्कॉटलंडमधल्या लॉख गार्टन येथे १९५८ साली ऑस्प्रेची अंडी कुणीतरी रात्री नष्ट केली. पुढच्या वर्षी पक्षिसंरक्षण संस्थेच्या जॉर्ज वॉटरस्टनने घरटे लपवायचे सोडून उघड केले. पहारा बसवला आणि लोकांना लांबच्या लपणातून दुर्बिणीने पाहू दिले. त्या मोसमात सुमारे १४,००० माणसे आली आणि तीन पिल्ले उडाली. माणसांच्या संख्येने घरटे मोडले नाही, कारण अंतर ठरलेले होते. ब्रिटनच्या १९८१ च्या कायद्याने तर सोनेरी गरुड, ऑस्प्रे यांसारख्या पक्ष्यांच्या घरट्याजवळ त्यांना विचलित करील अशा छायाचित्रणासाठी परवानाच आवश्यक केला.

आपल्याकडचा कायदा याहून कठोर शब्द वापरतो. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमातील ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विचलित करणेही येते. म्हणजे बंदूक टाकून कॅमेरा घेतलेला माणूस, घरटे विस्कटले तर, कायद्याच्या भाषेत पुन्हा शिकारीच ठरतो. कीर्टन बंधूंनी ज्या वाटेवरून आपल्याला बाहेर काढले, त्याच वाटेवर आपण परतलो आहोत.

हा अंक वाचकांच्या हाती पडेल, तेव्हा कोकण किनाऱ्यावर समुद्रगरुडांचा विणीचा हंगाम सुरू होत असेल. वर्षानुवर्षे वापरलेल्या त्याच प्रचंड घरट्यांची उंच झाडांवर डागडुजी चालेल. तिथून येणारे प्रत्येक चित्र परीक्षकांनी, संपादकांनी आणि आपणही काही प्रश्न विचारून पाहावे : किती अंतरावरून घेतले, किती वेळ थांबून, पक्षी छायाचित्रकाराकडे रोखून पाहत होता की आपल्या कामात होता? याची उत्तरे छायाचित्राखाली छापायला एक ओळ पुरते. सध्या ती जागा ‘आईची माया’ अडवून बसली आहे.