अब्रूचें तारण

मुहम्मद युनूस ह्यांचें ‘बँकर टु द पुअर’ हें आत्मवृत्त वाचकाला पहिल्या पानांपासूनच धरून ठेवतें. १९७४ च्या दुष्काळानें अस्वस्थ झालेला चितगांव विद्यापीठांतील हा अर्थशास्त्राचा अध्यापक शेजारच्या जोब्रा गांवांत हिंडूं लागतो. तेथें बांबूचीं स्टुलें विणणारी एक बाई त्याला भेटते. बांबूसाठीं ती व्यापाऱ्याकडून ५ टके उसने घेते आणि तयार माल त्यालाच, तो ठरवील त्या भावानें, देते. दिवसाची प्राप्ति अवघे ५० पैसे! १९७६ सालीं अशा ४२ माणसांना ह्या कचाट्यांतून सोडविण्यास एकंदर ८५६ टके पुरले. हा हिशेब ग्रंथकारांनी इतक्या साधेपणानें मांडला आहे कीं, दारिद्र्यावरील जाडे ग्रंथ त्यापुढें निर्जीव वाटावे.

पुढील प्रकरणांविषयीं मात्र तसें म्हणवत नाहीं. १९८३ सालीं ग्रामीण बँक रीतसर स्थापन झाली. गहाण कांहीं नाहीं; पांच पांच जणींचा गट आणि दर आठवड्यास हप्ता. विनातारण कर्ज बुडत नाहीं, हें ग्रंथकार अभिमानानें सांगतात. गटाच्या दडपणाचा उल्लेखही ते करतात, पण तो शिस्तीचा एक गुण म्हणून. हें दडपण कोणावर आणि कसें पडतें, ह्या प्रश्नापाशीं त्यांची लेखणी थबकत नाहीं.

ती उणीव लामिया करीम ह्यांच्या २०११ सालच्या ‘मायक्रोफायनान्स अँड इट्स डिस्कन्टेन्ट्स’ ह्या ग्रंथानें भरून निघते. बांगलादेशांतील खेड्यांत राहून त्यांनी ग्रामीण बँक व तिच्यासारख्या इतर संस्थांचा व्यवहार पाहिला. त्यांच्या मतें तारण आहेच, आणि तें म्हणजे बाईची अब्रू! पैसा बहुधा नवऱ्याच्या हातीं जातो. हप्ता चुकला कीं पाणउतारा मात्र चारचौघांत तिचा. प्रसंगीं गटांतल्या शेजारणीच तिच्या घराचे पत्रे व वासे उतरवून विकतात. तिकडे ह्याला ‘घर भांगा’ म्हणतात. जुना सावकार घरावर जप्ती आणी, पण तो निदान परका असे. शिवाय संस्थेचें कर्ज काढून तेंच चढ्या व्याजानें पुढें लावणाऱ्या बायकाही करीमबाईंना आढळल्या. सावकारी हटविण्यास निघालेल्या चळवळीच्या पोटीं हें अपत्य यावें, हें नवल नव्हे काय?

जोब्राच्या त्या बाईची कैफियत ज्या आपुलकीनें युनूस ह्यांनी लिहिली, त्याच आपुलकीनें हप्ता चुकलेल्या एखादीचीही लिहिली असती, तर त्यांच्या पुस्तकाची योग्यता वाढली असती. करीमबाईंची भाषा परिभाषेनें बोजड झाली आहे खरी. तरी ‘घर भांगा’विषयींचा भाग वाचकांनी गाळूं नये.