‘काळच तसा होता’ : ‘आनंदी गोपाळ’ची माध्यमांतरे आणि प्रेक्षकाची अस्वस्थता

१

कादंबरीवरून बेतलेल्या आणि गतकाळात घडणाऱ्या नाट्य-चित्रपटांचा विचार करताना आपल्याकडील समीक्षा बहुधा दोन प्रश्नांपाशी थांबते. रूपांतर मूळ संहितेशी कितपत प्रामाणिक आहे, हा पहिला. आणि वेशभूषा, वास्तू, बोली यांतून तो काळ कितपत यथातथ्य उभा राहतो, हा दुसरा. या दोहोंच्या पलीकडचा तिसरा प्रश्न क्वचितच विचारला जातो. गतकाळातील क्रौर्य समोर घडत असताना प्रेक्षक त्याकडे कोणत्या नात्याने पाहतो? तो साक्षीदार असतो, न्यायाधीश असतो, की त्या घराण्याचा वारस? प्रस्तुत लेखात हा तिसरा प्रश्न ‘आनंदी गोपाळ’ या कथेच्या संदर्भात तपासावयाचा आहे.

‘व्हिक्टोरियन’ हे विशेषण मराठी समीक्षेत नीतिकल्पनांच्या चर्चेत येते; कथानकाच्या काळासाठी ते आपण सहसा वापरीत नाही. वास्तविक आनंदीबाई जोशी यांचे सारे आयुष्य (१८६५-१८८७) राणी व्हिक्टोरियाच्या कारकिर्दीत (१८३७-१९०१) सामावलेले आहे. १८७७च्या दिल्ली दरबारात ती हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित झाली, तेव्हा आनंदीबाई अकरा वर्षांची विवाहित मुलगी होती. इंग्रजीत या काळाच्या काळोख्या बाजूवर कथनाची मोठी परंपरा आहे. मायकेल फेबर यांच्या २००२मधील ‘द क्रिमझन पेटल अँड द व्हाइट’ या कादंबरीवरून बीबीसीने २०११मध्ये केलेली मालिका हे तिचे एक अलीकडचे उदाहरण. तेथे काळोख लंडनच्या गल्ल्यांत, वेश्यागृहांत आणि आजारी म्हणून खोलीत ठेवलेल्या पत्नीच्या शयनगृहात आहे. आपल्याकडे तो माजघरात, बाळंतिणीच्या खोलीत आणि पाटीपुस्तक घेऊन बसविलेल्या दहा वर्षांच्या मुलीच्या समोरही आहे. हा शेवटचा काळोख ओळखणे सर्वांत अवघड, कारण त्याच ठिकाणी ज्ञानाचा दिवाही लावलेला आहे.

२

श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ ही कादंबरी १९६८ साली प्रसिद्ध झाली. रणजित देसाई यांच्या ‘स्वामी’ने (१९६२) मराठीत चरित्रात्मक-ऐतिहासिक कादंबरीची जी लाट आणली, तिच्या ऐन भरातील ही कृती. मात्र येथे सिंहासन नाही, रणांगण नाही. टपाल खात्यातील एक विक्षिप्त कारकून आणि त्याची बालवधू यांच्या संसारातून कादंबरीकाराने इतिहास उभा केला, हे तिचे वेगळेपण निर्विवाद आहे.

तथापि कादंबरीचा ओढा कोणाकडे आहे, हे पाहणे अगत्याचे ठरते. कथेला गती देणारा, समाजाशी भांडणारा, हट्ट धरणारा आणि हास्यास्पद ठरण्याचीही तयारी असलेला नायक गोपाळराव हाच आहे. याच लेखकाने र. धों. कर्वे यांच्या जीवनावर ‘रघुनाथाची बखर’ लिहिली, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याच्या प्रतिभेचा कल स्पष्ट होतो. काळाच्या पुढे असलेला, एकाकी आणि काहीसा तऱ्हेवाईक पुरुष हा त्याच्या आस्थेचा विषय आहे. अशा पुरुषाचे दोष कादंबरी झाकीत नाही. पण त्या दोषांना ध्येयवेडाचे तेज देते. आनंदी आपल्याला दिसते ती पुष्कळदा या तेजात.

जीन ऱ्हिस यांची ‘वाइड सारगॅसो सी’ ही कादंबरी १९६६ची, म्हणजे ‘आनंदी गोपाळ’च्या दोनच वर्षे आधीची आहे. ‘जेन एअर’मध्ये (१८४७) माळ्यावर कोंडलेल्या पत्नीला ऱ्हिस यांनी स्वतःचे बोलणे दिले. एकोणिसाव्या शतकाकडे वळून पाहणाऱ्या या दोन कादंबऱ्यांची दिशा परस्परविरुद्ध आहे. एक मौन बाळगणाऱ्या पत्नीकडे जाते, दुसरी बोलक्या पतीकडे. गंमत अशी, की ऱ्हिस यांना तो आवाज कल्पनेने घडवावा लागला; आनंदीबाईंचा आवाज मात्र कागदावर उपलब्ध होता. काशीबाई कानिटकर यांनी १८८९मध्ये लिहिलेल्या पुस्तकाच्या नावातच ‘चरित्र व पत्रे’ असे शब्द आहेत.

कादंबरीनंतर राम जोगळेकर यांचे नाटक आले, कमलाकर सारंग यांनी दिग्दर्शित केलेली दूरदर्शनवरील हिंदी मालिका आली आणि १५ फेब्रुवारी २०१९ रोजी समीर विद्वांस दिग्दर्शित चित्रपट प्रदर्शित झाला. कादंबरीने रूढ केलेले जोडनाव चित्रपटानेही घेतले, आणि त्या जोडनावातच त्याचा रसही ठरून गेला. ही एका दांपत्याची कथा आहे. ललित प्रभाकर यांचा गोपाळराव तरुण, देखणा, संतापी आणि अंतर्यामी हळवा आहे. भाग्यश्री मिलिंद यांची आनंदी भेदरलेल्या मुलीपासून निश्चयी विद्यार्थिनीपर्यंतचा प्रवास संयमाने करते. सदुसष्टाव्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत सामाजिक विषयावरील चित्रपटाचा सन्मान या कृतीस मिळाला. तिच्या कलात्मक गुणांविषयी येथे वाद नाही. वाद आहे तो तिने प्रेक्षकाला बसविलेल्या जागेविषयी.

३

बंगळुरूच्या दक्षिणेस, होसूर रस्त्यावरील बोम्मसंद्रा ही औद्योगिक वसाहत. कारखाने आणि रुग्णालये यांच्या आधाराने येथे अनेक प्रांतांतील कुटुंबे राहतात. त्यांत कोल्हापूर, सांगली, बेळगाव या भागांतील मराठी कुटुंबेही आहेत. तेथील एका निवासी संकुलाच्या सभागृहात अशा काही कुटुंबांसमवेत हा चित्रपट पाहण्याचा आणि नंतरच्या चर्चेत बसण्याचा योग प्रस्तुत लेखकास आला. काही कन्नड शेजारीही होते. ही पाहणी नव्हे. वीस-पंचवीस माणसांच्या बोलण्यावरून कोणतेही प्रमाण काढता येणार नाही. परंतु प्रतिसादाचे प्रकार ओळखण्यास एवढा समुदाय पुरेसा आहे.

पहिला प्रतिसाद ज्येष्ठांचा होता, आणि तो कृतज्ञतेचा होता. बायको शिकावी म्हणून त्या काळात एवढा आटापिटा कोणी केला असता? मारझोडीचा विषय निघताच एका वृद्ध गृहस्थांनी ‘काळच तसा होता’ असे म्हटले, आणि आपणही छडी खाऊनच शिकलो, अशी पुस्ती जोडली. दुसरा प्रतिसाद नोकरी करणाऱ्या तरुण स्त्रियांचा. त्यांचा आक्षेप मारहाणीपेक्षा निर्णयावर होता. शिकण्याची इच्छा आधी कोणाची, त्याची की तिची? तिला नको असते, तर तो थांबला असता काय? तिसरा प्रतिसाद रुग्णालयात परिचारिका असलेल्या एका बाईंचा. त्यांना सारा चित्रपट त्या दहा दिवसांच्या बाळापाशी थांबल्यासारखा वाटला. चौदाव्या वर्षीचे बाळंतपण हेच मुळात संकट. वैद्य वेळेवर आला असता तरी ते संकटच राहिले असते, असे त्या म्हणाल्या. बालकाच्या मृत्यूतून आनंदीला वैद्यकाची प्रेरणा मिळते, हा कथेतील निर्णायक वळणबिंदू. त्या वळणाने आपले डोळे इतके भरून येतात, की मुलीला त्या वयात मातृत्व कोणी दिले हा प्रश्न नजरेआड होतो. परिचारिकेच्या व्यवसायदृष्टीने तो नेमका टिपला.

हान्स रॉबर्ट याउस यांच्या परिभाषेत हे तीन अपेक्षाक्षितिजांचे भेद म्हणता येतील. ज्येष्ठ प्रेक्षक कादंबरी आणि नाटक यांच्या संस्कारातून आले होते. ते परिचित कथेची पुनर्भेट घेत होते. तरुणींनी कादंबरी वाचली नव्हती. त्या एका विवाहाकडे पाहत होत्या. अशा वेळी जाणत्या समीक्षकाचा कल पहिल्या गटाकडे झुकतो. वर्तमानाची मूल्ये भूतकाळावर लादू नयेत, असे तो तरुण प्रेक्षकाला समजावतो. हा उपदेश वरकरणी इतिहासनिष्ठ वाटतो. तो खरोखर तसा आहे काय?

४

या प्रश्नाचे उत्तर आनंदीबाईंनीच देऊन ठेवले आहे. अमेरिकेतून पतीस लिहिलेल्या एका पत्रात त्यांनी आपल्या बालपणाचा हिशेब मांडला. दहाव्या वर्षी लाकडाने बसलेला मार, अंगावर फेकलेल्या खुर्च्या आणि पुस्तके, बाराव्या वर्षी दिलेली सोडून जाण्याची धमकी, यांचा उल्लेख त्या स्पष्टपणे करतात. पतीची वागणूक चांगली की वाईट हे ठरविणे कठीण आहे, दोन्ही म्हणावे लागेल, असे त्या सांगतात. अंतिम हेतू पाहता ती योग्य भासते. परंतु लहान मुलाच्या मनावर होणारे परिणाम लक्षात घेता ती अयोग्य होती, हे न्यायाने मान्य केले पाहिजे, असा त्यांचा निर्वाळा आहे. हिंदू पत्नीला बोलण्याचा अधिकार नसतो, यावरही त्या उपरोधाने लिहितात. मीरा कोसंबी यांनी १९९६मधील आपल्या निबंधात आनंदीबाईंच्या या खंडित राहिलेल्या स्त्रीवादी प्रतिमेकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. अंजली कीर्तने यांच्या १९९७मधील संशोधनपर चरित्राने त्यांचा काळ आणि कर्तृत्व विस्ताराने मांडले.

या पत्राच्या उजेडात बोम्मसंद्र्यातील चर्चा पुन्हा पाहावी. ज्येष्ठांनी हेतूकडे बोट दाखविले, तरुणींनी परिणामाकडे. दोन्ही बाजू त्या एका पत्रात आहेत. फरक इतकाच, की पत्रलेखिका एक बाजू मांडून दुसरी पुसून टाकीत नाही. तेव्हा ‘काळच तसा होता’ हे विधान ऐतिहासिकदृष्ट्याच अपुरे ठरते. काळ तसा होता, आणि त्याच काळात तो तसा नसावा असे म्हणणाऱ्या स्त्रियाही होत्या. ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्रीपुरुष तुलना’ १८८२चे आहे. बालपणी झालेल्या विवाहाचे बंधन नाकारणाऱ्या रखमाबाईंचा खटला १८८४पासून न्यायालयात होता. पंडिता रमाबाईंनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरील आपला इंग्रजी ग्रंथ १८८७मध्ये प्रसिद्ध केला. चित्रपट पाहून अस्वस्थ झालेली तरुणी एकविसावे शतक एकोणिसाव्यावर लादीत नसते. एकोणिसाव्या शतकातील एका दडपलेल्या स्वराला ती नकळत साथ देत असते. काळाची सबब सांगणारा प्रेक्षक मात्र त्या काळातील पुरुषांचा अनुभव म्हणजेच सारा काळ असे धरून चालतो.

यावरून गोपाळरावांना खलनायक ठरवावे, असा अर्थ कोणी काढू नये. १८९०मधील पुण्याच्या पंचहौद चहाप्रकरणात चहास उपस्थित राहिलेल्यांची नावे छापून आणणारे तेच. सुधारकांची आणि सनातन्यांची, दोघांचीही फजिती करण्यात त्यांना रस होता. हा माणूस एकाच वेळी मुक्तिदाता आणि जुलमी होता. कसोटी रूपांतराची आहे. ही दोन रूपे ते एकमेकांसमोर उभी करते, की पहिल्याच्या आड दुसरे ठेवते? चित्रपट त्यांचा संताप दाखवितो, परंतु त्याची परिणती प्रेमकथेत करतो. संतापाला प्रेमाचे स्पष्टीकरण मिळाले, की प्रेक्षकाला क्षमा करणे सोपे जाते. क्षमा करण्याचा अधिकार ज्या व्यक्तीचा, तिचा निर्वाळा मात्र कथेच्या केंद्राशी येत नाही.

५

त्या सायंकाळी एका कन्नड शेजारणीने ‘फणियम्मा’ची आठवण काढली. तुलनेच्या दृष्टीने ती मोलाची वाटते. एम. के. इंदिरा यांनी आपल्याच घराण्यातील एका बालविधवेची हकीकत १९७६मधील या कादंबरीत सांगितली. प्रेमा कारंत यांनी १९८३मध्ये तिच्यावर चित्रपट केला. फणियम्माचा जन्मही व्हिक्टोरियाच्या काळातला. विवाह बालपणीचा आणि वैधव्यही बालपणीचे. तिला शिकविणारा पती नाही, परदेश नाही, पदवी नाही. तरीही अस्पृश्य मानलेल्या जातीतील अडलेल्या बाळंतिणीच्या मदतीला ती जाते, आणि केशवपनास नकार देणाऱ्या तरुण विधवेची बाजू घेते.

फिलाडेल्फियातील महिला वैद्यकीय महाविद्यालयातून १८८६ साली पदवी घेताना आनंदीबाईंच्या प्रबंधाचा विषय आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हाच होता. एकीने बाळंतिणीची खोली शास्त्रातून गाठली, दुसरीने सोवळे मोडून. परंतु ‘फणियम्मा’ पाहताना प्रेक्षकाला कोणाचे आभार मानण्याची सोय नाही. तेथे उद्धारक पुरुषच नसल्यामुळे क्रौर्याला हेतूचे पांघरूण मिळत नाही. ते उघडे राहते. ‘फणियम्मा’ लिहिणारी स्त्री, पडद्यावर आणणारी स्त्री, आणि मूळ हकीकत घराण्यातील बायकांच्या तोंडून आलेली. ‘आनंदी गोपाळ’च्या परंपरेत कादंबरीकार, नाटककार, मालिका-दिग्दर्शक आणि चित्रपट-दिग्दर्शक हे सारे पुरुष आहेत. यावरून गुणवत्तेचा निवाडा होत नाही, तथापि कथेचा केंद्रबिंदू कोठे राहिला, याचा काही उलगडा निश्चित होतो.

६

आनंदीबाई २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने वारल्या. बाविसावे वर्ष पुरे होण्यास महिनाभर उरला होता. कोल्हापूरच्या रुग्णालयातील स्त्री-विभागाचे ठरलेले काम त्यांच्या हातून होऊ शकले नाही. एवढ्या अल्प आयुष्याकडे पाहताना यशाचे समाधान आणि मृत्यूची हळहळ या दोन भावनांत प्रेक्षक विसावतो, हे स्वाभाविक आहे. परंतु त्या दोहोंच्या मधे एक तिसरी भावना सभागृहात उपस्थित होती : हे असे व्हायला हवे होते काय, ही टोचणी. समीक्षेने तिला अडाणीपणा किंवा कालविपर्यास ठरवून बाजूस सारू नये. गतकाळाचे रूपांतर यशस्वी झाले की नाही याची एक खूण म्हणजे ही टोचणी टिकून राहणे. या कथेचे पुढचे रूपांतर करणाऱ्याने निदान त्या पत्राला मध्यभागी जागा द्यावी. हेतूसाठी केलेली मारहाण क्षम्य मानणारी घरे आजही आहेत, आणि त्या घरांतील मुलीसुद्धा प्रेक्षकांत बसलेल्या असतात.