पडद्यावरील परिचारिका आणि वॉर्डातील परिचारिका

आपल्या कथा-चित्रपटांत परिचारिका बहुधा दोनच रूपांत अवतरते. एक तर ती करुणेची मूर्ती असते, नाही तर डॉक्टरांच्या मागे ट्रे घेऊन उभी असलेली मुकी सहायिका. असित सेन दिग्दर्शित ‘खामोशी’ (१९६९) हा त्यातल्या त्यात गंभीर चित्रपट. वहिदा रेहमान यांची राधा मनोरुग्णांना प्रेमाचा आभास देऊन बरे करते आणि अखेर स्वतःच मनोरुग्ण होते. अभिनय अविस्मरणीय आहे. परंतु या परिचारिकेपाशी हृदय आहे, विद्या नाही, असाच प्रेक्षकाचा ग्रह होतो.

या चित्रापुढे मुंबईच्या केईएम रुग्णालयातील सत्यकथा ठेवून पाहावी. तेथील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातच अमानुष हल्ला झाला. १८ मे २०१५ रोजी मृत्यू येईपर्यंत त्या अंथरुणाला खिळून होत्या आणि परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांची शुश्रूषा केली. इतक्या वर्षांत त्यांना शय्याव्रण झाले नाही, हे सर्वोच्च न्यायालयापुढेही आले. शय्याव्रण टाळायचे तर वेळच्या वेळी कूस बदलावी लागते, त्वचा कोरडी राखावी लागते, आहार सांभाळावा लागतो. केवळ माया असून हे साधत नाही. त्याला अभ्यास लागतो. ७ मार्च २०११ च्या निकालात न्यायालयाने अरुणा यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार, त्यांच्यावर पुस्तक लिहिणाऱ्या पिंकी विराणी यांना न देता, केईएमच्या कर्मचाऱ्यांना दिला. जे साहित्याला दिसले नाही, ते न्यायालयाला दिसले.

आमच्या वाशीमला ही विद्या नवी नाही. डॉ. ऑर्फा स्पायकर यांनी १९३८ मध्ये येथे सुरू केलेल्या नाझरीन मिशनच्या रेनॉल्ड्स मेमोरियल रुग्णालयाने परिचर्येचे शिक्षणही दिले. तरीही मुलीने हा मार्ग निवडला की घरात पहिली चर्चा होते ती रात्रपाळीची आणि तिच्या लग्नाची. ती काय शिकणार, हे क्वचितच कोणी विचारतो.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा दिवा सर्वांना ठाऊक आहे. क्रिमियातील मृत्यूंचे त्यांनी मांडलेले आकडे फारच थोड्यांना. १२ मे रोजी पुष्पगुच्छ जरूर द्यावेत. पण या व्यवसायाची प्रतिमा खरोखर उजळायची असेल, तर आपल्या लेखकांनी एक संपूर्ण रात्र वॉर्डात बसून परिचारिका काय पाहते, काय ताडते आणि कोणता निर्णय घेते, हे लिहावे. तिची स्तुती आजवर पुष्कळ झाली. आता तिचे काम वाचकांना कळू द्यावे.