जगद्दलला पाणी कोण पाजत होतं?

मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांपेक्षा जास्त चालायची परवानगी नाही. ताडदेव आरटीओत शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 ला नोंदवली गेली. म्हणजे 30 ऑक्टोबर 2023 पासून ही काळी-पिवळी टॅक्सी म्हणून धावणार नाही, हे साधं गणित होतं. तरी त्या दिवशी माझ्या फोनवर दुसरं काही नव्हतं. पावसातली पद्मिनी, मरीन ड्राइव्हवरची पद्मिनी, जुन्या गाण्यावर बनवलेलं पद्मिनीचं रील. मीही एक फोटो स्टेटसला टाकला.

खरं सांगायचं तर मी त्या टॅक्सीत आयुष्यात चारेक वेळा बसलो असेन. मुंबईत उतरलं की ॲपवरून एसी गाडी बोलवायची, ही माझी सवय. स्टेटस टाकणाऱ्या माझ्या बहुतेक मित्रांचीही तीच. जिला आपणच हात करणं सोडून दिलं होतं, तिच्या जाण्यानं आपण हळवे झालो होतो.

पुढच्या उन्हाळ्यात आमची ओम्नी भंगारात गेली. इचलकरंजीत अण्णा तिच्यातून शाळेच्या मुलांची ने-आण करायचे. सकाळ-दुपार शाळा, लग्नसराईत मंडप आणि केटरिंगवाल्यांची भाडी. माझी इंजिनिअरिंगची फी त्यातूनच गेली. पुन्हा पासिंग करायचं तर पत्र्याचं काम, इंजिनाचं काम, आणि तो खर्च गाडीच्या किमतीच्या वर जात होता. मी पुण्यात होतो. फोनवर कळलं, आणि त्याच रात्री मी एक लांबलचक पोस्ट लिहिली. सरकता दरवाजा, समोरासमोरची सीटं, पुढच्या सीटखाली इंजिन असल्यानं बसणारी चटके, सिनेमातल्या किडनॅपरची लाडकी गाडी म्हणून पोरं मला मारायची ते टोमणे. मला मिळतात त्याच्या दसपट बदाम मिळाले.

दुसऱ्या दिवशी अण्णांचा फोन. “छान लिहिलंयस.” मग थोडं थांबून, “पाण्याच्या कॅनचं नाही लिहिलंस.”

कुठला कॅन, हे मला आठवेना.

हे सगळं सांगतोय कारण त्यानंतर महिन्याभरात मी ऋत्विक घटकांचा ‘अजांत्रिक’ पाहिला. आणि या सिनेमाबद्दल मला जे म्हणायचं आहे ते त्या कॅनशिवाय सांगता येणार नाही.

‘अजांत्रिक’ 1958 चा आहे, बंगाली, सुबोध घोष यांच्या त्याच नावाच्या कथेवरून केलेला. बंगालीत अशा जागी ‘य’चा उच्चार ‘ज’ होतो, त्यामुळे अजांत्रिक म्हणजे आपलं ‘अयांत्रिक’: जे यंत्र नाही ते. बिहारच्या (आताच्या झारखंडच्या) छोटा नागपूर भागात बिमल नावाचा टॅक्सीवाला आहे. काली बॅनर्जींनी तो केलाय. त्याच्याकडे 1920 ची शेवरोले आहे, अगदी खटारा. तिचं नाव जगद्दल. बिमल एकटा आहे, लोक त्याला हसतात, आणि तो गाडीशी बोलतो. गाडीही उत्तर देते. तिचे हेडलाइट आपोआप इकडेतिकडे वळतात. रेडिएटरमध्ये पाणी ओतलं की तहानलेल्या माणसानं घटाघटा प्यावं तसा आवाज येतो.

त्या पाण्याच्या आवाजाशी मी सिनेमा थांबवला. कॅन आठवला. पाच लिटरचा, ऑइलचा रिकामा झालेला पांढरा कॅन, ड्रायव्हरच्या सीटमागे दोरीनं बांधलेला. अण्णा पहाटे सहाला सीट उचलून पाणी बघायचे. आम्ही पोरं गाडीत चढायचो तेव्हा ते काम होऊन गेलेलं असायचं. माझ्या पोस्टमध्ये कॅन नव्हता, कारण मी गाडीत प्रवासी होतो.

‘अजांत्रिक’बद्दल जे काही वाचायला मिळतं, त्यात हा सिनेमा म्हणजे माणूस आणि यंत्राची प्रेमकथा, असं सांगितलेलं असतं. ते चूक नाही. पण प्रेमकथा म्हटलं की आपण लगेच एक सोयीची गोष्ट मनात धरतो. मराठीत तर ती सोय भाषेनंच करून ठेवली आहे. बंगाली व्याकरणात लिंगभेद नाही, जगद्दल ‘तो’ की ‘ती’ हे तिथे ठरवावं लागत नाही. मराठीत लिहिताना मला पहिल्याच वाक्यात ठरवावं लागतं. गाडी म्हणून मी ‘ती’ लिहिलं, आणि लिहिताक्षणी जगद्दल प्रेयसी झाली. मग बिमलच्या गाडीत एक मुलगी प्रवासी म्हणून येते, पुढे तिला तिचा सोबती टाकून जातो, बिमलचं मन तिच्यासाठी हलतं, तेव्हा गाडी ‘रुसते’ असंही वाचता येतं. घटक त्या वाचनाला वाव देतात, गंमत म्हणून.

पण पडद्यावर बिमल बहुतेक वेळ काय करत असतो, ते बघा. तो हँडल मारत असतो. पाणी ओतत असतो, पुसत असतो, बॉनेटमध्ये डोकं घालून काहीतरी आवळत असतो. त्याचं प्रेम जवळजवळ सगळं पान्यांनी केलेलं आहे. मला हा सिनेमा देखभालीबद्दलचा वाटतो: एखादी वस्तू रोज सकाळी पुन्हा चालू करणाऱ्या माणसाबद्दलचा. अली अकबर खाँचं संगीत आहे, पण गाडीचे आवाज त्याच्याइतकेच जपून रचले आहेत. ते आवाज प्रवाशाला कटकट वाटतात, बिमलला ती माहिती असते. कुठला आवाज नेहमीचा आणि कुठला नवा, हे चालवणाऱ्यालाच कळतं.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्यामुळे हे मला वेगळ्या ठिकाणी टोचलं. आमच्याकडे एखादी जुनी सिस्टिम बंद करायची ठरली की तिला ‘लेगसी’ म्हणतात आणि निरोपाचा मेल फिरतो. त्यावर सगळ्यात भावुक उत्तरं ती कधीतरी वापरलेल्यांची असतात. रात्री दोनला उठून ती पुन्हा उभी करणारा माणूस सहसा काही लिहीत नाही. त्याला हायसं वाटलेलं असतं, आणि हायसं वाटल्याचं थोडं वाईटही.

हीच तक्रार माझी पद्मिनीच्या निरोपांबद्दल आहे. त्यांत खिडकी आहे, सीटचं कव्हर आहे, मीटर आहे. ड्रायव्हर फोटोपुरता, तेही बहुधा पाठमोरा. बिनएसीच्या गाडीत मे महिन्यात दहा-बारा तास बसणं त्यांत नाही. गाडीचं उत्पादनच 2000 नंतर थांबलं, मग पुढची वीस वर्षं सुटे भाग आणायचे कुठून, हा रोजचा प्रश्नही नाही. त्याचं एक उत्तर कुर्ल्यात होतं. ही गाडी बनवणारा कारखाना कुर्ल्याचा, आणि जुन्या गाड्या तोडून सुटे भाग विकणारा मुंबईतला मोठा बाजारही कुर्ल्याचा. एका पद्मिनीचं इंजिन दुसरीत, तिचा दरवाजा तिसरीत. जी ‘शेवटची पद्मिनी’ म्हणून आपण फोटोत पाहिली, तिच्यात आधी तुटलेल्या किती गाड्या असतील कोण जाणे. भंगाराचा बाजार हा गाडीचा शेवट आहे असं आपण समजतो. चालवणाऱ्यासाठी तो गाडीचा दवाखानाही होता.

जुन्या गाड्या रस्त्यावरून हटूच नयेत, असं मी म्हणत नाही. धूर खरा असतो, सडलेला पत्रा अपघातात काय करतो तेही खरं. माझा वाद आठवणीतून कोण गळतं याबद्दल आहे.

‘अजांत्रिक’ निर्दोष नाही. त्या मुलीची गोष्ट अर्धी सुटते. ती बिमलच्या आयुष्यातला एक थांबा म्हणून येते आणि जाते, तिचं पुढे काय, याची सिनेमाला फारशी फिकीर नाही. उराँव आदिवासींचे नाच, त्यांचे झेंडे, त्यांचे सण मधेमधे येतात, ते पहिल्यांदा पाहताना मला उपरे वाटले. कबूल करतो, एकदा मी दहा सेकंद पुढेही ढकललं. दुसऱ्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, घटक बिमलचं वेड एकट्याचं राहू देत नाहीत. वस्तूत जीव आहे असं मानणारी माणसं त्या मुलखात आधीपासून आहेत, असं ते सुचवतात. तरीही ती माणसं बिमलसारखी जवळून दिसत नाहीत, लांबून, समूह म्हणूनच दिसतात. गावातला वेडा मात्र नेमका बसलाय. त्याचा एका जुन्या भांड्यावर असाच जीव आहे. नवं भांडं मिळालं की तो जुनं विसरतो. बिमलला ती सोय नाही.

आता शेवटाबद्दल. सिनेमा सत्तरीला टेकलाय, त्यामुळे सांगतो. जगद्दल बंद पडते. बिमल होते नव्हते ते पैसे घालून तिची दुरुस्ती करतो. गाडी सुरू होते. मग ती पूर्वीसारखीच दणकट आहे हे स्वतःला पटवायला तो तिच्यात मोठमोठे दगड भरतो आणि चालवतो. ती मोडते, कायमची. भंगारवाला येतो. गाडीचे तुकडे होऊन जातात, बिमल बघत उभा राहतो. आणि मग भोंग्याचा आवाज येतो. एका लहान मुलाच्या हाती तिचा भोंगा लागलाय, तो दाबून खेळतोय. बिमलच्या डोळ्यांत पाणी आणि चेहऱ्यावर हसू.

या हसण्याचा अर्थ ‘आयुष्य पुढे चालू राहतं’ असा सांगितला जातो. मला तो अर्थ स्वस्त वाटतो, कारण तो कुणालाही घेता येतो. माझी पोस्टही तशाच हसण्यावर संपली होती. बिमलचं हसू वेगळं आहे, कारण त्याआधी त्यानं काहीही टाळलेलं नाही: खर्च, स्वतःचा हट्ट, सौदा, तुकडे. तो तिथे हजर होता. घटक 1960 च्या दशकात काही काळ पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते. त्या लॉ कॉलेज रोडवरून मी सहा वर्षं ये-जा करतोय आणि हा सिनेमा मला आमची ओम्नी गेल्यावर सापडला, याची थोडी लाज वाटली.

मग दिवाळीत मी अण्णांना विचारलं, त्या दिवशी नक्की काय झालं. त्यांनी क्रमानं सांगितलं. आधी बॅटरी काढली, मग टायर. चेसिस नंबरचा तुकडा आरटीओला द्यायला कापून घेतला. गॅस कटर लावला तेव्हा ते निघाले, येताना एसटीनं आले. एवढंच. सहा वाक्यंही नव्हती, आणि माझ्या अख्ख्या पोस्टमध्ये यातलं एकही नव्हतं.

लॅपटॉपवर मी त्यांना ‘अजांत्रिक’चा शेवटचा अर्धा तास दाखवला. बंगाली येत नाही, इंग्रजी सबटायटल त्यांनी वाचली नाहीत. दगडांचा प्रसंग आला तेव्हा मी त्यांच्याकडे बघत होतो. मला वाटलं, त्यांना भरून येईल. ते चिडले.

“अरे, इंजिनाचं काम नुकतंच झालंय आणि एवढा बोजा टाकतो होय? आधी मोकळी पळवायची असती थोडे दिवस. रिंगा बसू द्यायच्या.”

मी ज्याला प्रतीक समजून वहीत टिपलं होतं, ती त्यांच्या लेखी चूक होती. टाळता येण्यासारखी, आणि प्रेमाच्या घाईत झालेली. मला वाटतं, 1958 पासून या प्रसंगावर झालेल्या टीकेत ही एक भर आहे.

पुढे भोंगा वाजला तेव्हा ते काही बोलले नाहीत. लॅपटॉप मिटल्यावर उठले आणि म्हणाले, “तो कॅन आहे बरं का अजून. तुझी आई त्यानं तुळशीला पाणी घालते.”