पडद्यामागील कार्ये आणि त्यांची नावे : एक परिभाषाविचार

परिभाषेचा विचार आपल्याकडे बहुधा शब्दसिद्धीच्या अंगाने होतो. त्या शब्दाच्या आधारे वाचकाच्या हातून काम नीट घडते की नाही, हा प्रश्न मागे राहतो. संगणकातील ब्लूटूथ यंत्रणेमुळे प्रोसेसरवर पडणारा अकारण भार कसा शोधावा, हा विषय या दृष्टीने उद्बोधक आहे.

‘बॅकग्राउंड’साठी ‘पार्श्वभूमी’ ही योजना रूढ होत आहे. मराठीत पार्श्वभूमी म्हणजे जिच्यापुढे एखादी गोष्ट उठून दिसते ती स्थिर भूमी. येथे अभिप्रेत असलेली कार्ये स्थिर नसून दृष्टीआड अखंड चाललेली असतात. नाट्यव्यवहारातून आलेला ‘पडद्यामागील’ हा शब्द हा अर्थ नेमका सांगतो. ‘पार्श्वभूमी थांबवा’ ही सूचना वाचून कोणी पडद्यावरील चित्रच बदलू लागला, तर दोष त्याचा नव्हे.

‘ब्लूटूथ’ची गोष्ट निराळी. दहाव्या शतकातील डेन्मार्कचा राजा हॅराल्ड याचे हे उपनाम इंटेलचे जिम कार्डाक यांनी १९९७ मध्ये तात्पुरते म्हणून सुचविले, आणि तेच टिकले. विशेषनामाचे ‘नीलदंत’ करण्याने अर्थबोध तिळभरही वाढत नाही.

खरी अडचण नावांच्या संदिग्धतेची आहे. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये पूर्वी ‘एसव्हीसीहोस्ट’ हे एकच नाव अनेकदा दिसे, आणि त्यामागे कोणत्या सेवा आहेत ते सहज कळत नसे. २०१७ च्या आवृत्तीपासून ३.५ गिगाबाइटांहून अधिक स्मृती असलेल्या संगणकांवर बहुतेक सेवा पृथक् केल्या गेल्या. त्यामुळे ‘सर्व्हिस होस्ट : ब्लूटूथ सपोर्ट सर्व्हिस’ असे जोडनाव दिसू लागले. ही रीत मराठी ग्रामनामांस अपरिचित नाही. कवठ या वृक्षनामाशी संबंध असलेले ‘कवठे’ एकाहून अधिक ठिकाणी आढळते. म्हणून शिरूर तालुक्यातील गाव देवीच्या नावाने कवठे येमाई, तर सांगली जिल्ह्यातील कवठे महांकाळ. पहिले पद जाती सांगते, दुसरे व्यक्ती. केवळ ‘कवठे’ लिहिलेले पत्र जसे भलत्या गावी जाईल, तसा केवळ ‘होस्ट’ पाहून घातलेला घाव भलत्याच सेवेवर पडेल.

मराठी मार्गदर्शनात म्हणूनच शब्दांइतकाच क्रमही महत्त्वाचा ठरतो. प्रथम टास्क मॅनेजरमध्ये भाराचे मूळ पाहावे. मग ब्लूटूथ क्षणभर बंद करावे. भार उतरला तर संशयास आधार मिळतो. नव्या उपकरणांचा शोध अखंड चालू आहे काय, एखादे जोडलेले उपकरण पुनःपुन्हा संपर्काचा निष्फळ प्रयत्न करते काय, हे उपकरणे एकेक काढून तपासावे. त्यानंतर निर्मात्याकडील नवा ड्रायव्हर बसवावा. सेवाच बंद करणे हा अखेरचा उपाय. कारण तिच्याबरोबर बिनतारी माऊस व कळफलकही निकामी होऊ शकतात. तत्पूर्वी तारेचा माऊस हाताशी ठेवणे इष्ट.

‘प्रक्रिया समाप्त करा’ एवढेच सांगणारे लेखन व्याकरणदृष्ट्या निर्दोष असूनही अपुरे ठरते, ते याच कारणाने. कोणती, केव्हा आणि थांबविल्यास काय गमवावे लागेल, हे त्यात नसते. परिभाषेची कसोटी कोशात लागत नाही. ती अडलेल्या वाचकाच्या हातातील पुढल्या कृतीत लागते.