रथ, दिवा आणि चालकाविना मोटार

यंत्राने कोणाला वाचवावे आणि कोणाला मरू द्यावे, या प्रश्नाचा ऊहापोह पाश्चात्त्य विद्यापीठांत गेली काही वर्षे मोठ्या गांभीर्याने चालू आहे. चालकाविना धावणारी मोटार आहे, तिचे ब्रेक निकामी झाले आहेत, समोर पाच पादचारी आहेत आणि मोटार बाजूला वळविल्यास आत बसलेला एकटा प्रवासी दगावणार आहे. अशा वेळी यंत्राने काय करावे? या कोड्याचे मूळ रूप ब्रिटिश तत्त्वचिंतक फिलिपा फूट यांनी १९६७ साली मांडले. त्यात मोटारीऐवजी ट्राम होती आणि ती चालविणारा माणूस होता. पुढे अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील संशोधकांनी ‘मॉरल मशीन’ या नावाने हेच कोडे संगणकाच्या पडद्यावर आणले आणि जगभरच्या लोकांचा कौल घेतला. २३३ देश व प्रदेशांतून सुमारे चार कोटी निर्णय गोळा झाले. त्यांचे निष्कर्ष ऑक्टोबर २०१८ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

प्रस्तुत लेखात या प्रयोगाची आणि त्यामागील विचारपद्धतीची चिकित्सा करण्याचा आमचा हेतू आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे की, हा प्रश्न चुकीच्या क्षणी विचारला जात आहे. अपघाताच्या अखेरच्या क्षणी यंत्र काय निवडते याची चर्चा जितकी रंगते, तितकी त्या क्षणापूर्वी माणसांनी काय निवडले याची चर्चा मागे पडते.

प्रथम प्रयोगाकडे पाहू. पडद्यावरील पात्रांत लहान मूल, गरोदर स्त्री, वृद्ध, डॉक्टर, कंपनीचा बडा अधिकारी, बेघर माणूस, गुन्हेगार, कुत्रा आणि मांजर अशी प्रतवारी होती. बहुसंख्य लोकांनी थोड्यांपेक्षा अधिकांना, पशूंपेक्षा माणसांना आणि वृद्धांपेक्षा तरुणांना वाचवावे असा कौल दिला. येथवर आश्चर्य वाटण्याजोगे काही नाही. परंतु याच कौलात उच्च सामाजिक स्थानाच्या माणसाला निम्न स्थानाच्या माणसाहून अधिक पसंती मिळाली, आणि गुन्हेगार म्हणून दाखविलेल्या माणसाचे स्थान कुत्र्याच्याही खाली गेले. ज्या देशांत आर्थिक विषमता अधिक, तेथील लोकांच्या उत्तरांत हा उच्चनीचभाव अधिक तीव्र आढळला, असेही संशोधकांनी नोंदविले आहे.

संशोधकांनी हा कौल कायदा म्हणून स्वीकारा असे म्हटलेले नाही, हे येथे नमूद केले पाहिजे. तरीही प्रयोगाची रचनाच माणसापुढे माणसांची उतरंड ठेवते आणि त्याला तीत निवड करावयास लावते. श्रेणीबद्ध विषमतेचा अनुभव पिढ्यान्‌पिढ्या घेतलेल्या आमच्या समाजाला या उतरंडीची ओळख नव्याने करून देण्याची आवश्यकता नाही. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बोलताना राजकारणातील समान मूल्य आणि सामाजिक जीवनातील असमान मूल्य यांतील विसंगतीचा इशारा दिला होता. माणसाच्या जिवाचे मोल त्याच्या स्थानावरून ठरविण्याची वृत्ती लोकमतात असेल, तर लोकमत मोजून नीती सिद्ध होत नाही. फक्त विषमता किती खोल गेली आहे, एवढे सिद्ध होते. जर्मनीच्या नीतिविषयक आयोगाने २०१७ च्या अहवालात वय, लिंग, शारीरिक वा मानसिक स्थिती अशा व्यक्तिगत लक्षणांवरून जिवांत भेद करण्यास यंत्राला स्पष्ट मज्जाव केला. हा विवेक आम्हाला त्या चार कोटी निर्णयांपेक्षा अधिक मोलाचा वाटतो.

आता प्रत्यक्ष घडलेल्या घटनेकडे वळू. १८ मार्च २०१८ च्या रात्री अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात, टेंपी या शहरी, उबर कंपनीच्या चाचणीवरील स्वयंचलित मोटारीने सायकल हाती धरून रस्ता ओलांडणाऱ्या ४९ वर्षांच्या स्त्रीला धडक दिली. तीत ती मृत्यू पावली. स्वयंचलित मोटारीच्या धडकेने पादचाऱ्याचा मृत्यू होण्याची ही पहिली नोंदलेली घटना होय. येथे पाच विरुद्ध एक असे कोडे नव्हते. रस्त्यावर एक स्त्री होती आणि मोटार थांबावयास हवी होती, इतकेच.

ती का थांबली नाही? तेथील राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१९ साली याचा तपशील दिला. धडकेच्या ५.६ सेकंद आधी यंत्राला समोर काहीतरी असल्याचे कळले होते. परंतु ते कधी मोटार, कधी अज्ञात वस्तू, तर कधी सायकल, असे त्याचे वर्गीकरण बदलत राहिले. पट्टे नसलेल्या जागी कोणी माणूस रस्ता ओलांडू शकेल, हा विचारच त्या प्रणालीच्या रचनेत नव्हता. मोटारीला कारखान्यातून बसवून आलेली आपत्कालीन ब्रेकची सोय संगणकाच्या ताब्यात मोटार असताना बंद ठेवण्यात आली होती. देखरेखीसाठी पूर्वी मोटारीत दोन माणसे असत, ती कमी करून एक करण्यात आली होती. आणि त्या एका व्यक्तीचे लक्ष त्या वेळी हातातील फोनवरील कार्यक्रमाकडे होते.

यांपैकी कोणताही निर्णय यंत्राने घेतलेला नाही. प्रत्येक निर्णय माणसांनी, दिवसाउजेडी, कार्यालयात बसून, विचारपूर्वक घेतला. परंतु शिक्षेची वेळ आली तेव्हा काय झाले? मार्च २०१९ मध्ये सरकारी अभियोक्त्यांनी कंपनीवर फौजदारी उत्तरदायित्व ठेवण्यास आधार नसल्याचे सांगितले. खटला भरला गेला तो मोटारीत बसलेल्या कर्मचारी व्यक्तीवर. २०२३ साली तिने गुन्हा कबूल केला आणि तिला तीन वर्षांच्या देखरेखीची शिक्षा झाली. त्या व्यक्तीचा प्रमाद खराच होता. पण जबाबदारीची साखळी इतकी लांब असताना तिची शेवटची, सर्वांत दुबळी कडीच तेवढी कायद्याच्या हाती लागावी, ही बाब विचार करावयास लावणारी आहे.

बौद्ध वाङ्मयाच्या अभ्यासकाला येथे ‘मिलिंदपञ्ह’ या ग्रंथाचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. भदन्त नागसेन मिलिंद राजाला विचारतात, रथ म्हणजे काय? आस म्हणजे रथ का? चाके म्हणजे रथ का? जू, दांडी, लगाम? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो. अवयवांच्या एकत्र येण्याला रथ हे नाव दिलेले आहे, एवढेच उरते. आजची स्वयंचलित मोटार म्हणजे हाच रथ होय. कॅमेरा एकाचा, संगणकाची आज्ञावली दुसऱ्याची, नकाशा तिसऱ्याचा, मालकी चौथ्याची. अपघात कोणी केला असे विचारता प्रत्येक जण आपल्या भागाकडे बोट दाखवून म्हणू शकतो की, एवढ्याने माणूस मेला नाही. अनात्मवादाचा असा सोयीस्कर अर्थ लावला तर उत्तरदायित्व हवेत विरून जाईल.

परंतु त्याच ग्रंथात दुसरा दृष्टान्त आहे, आणि तो विसरला जाऊ नये. एक मनुष्य दिवा घेऊन माडीवर चढला आणि जेवावयास बसला. दिव्याने छपराचे गवत पेटले, गवताने घर आणि घराने गाव. गावकऱ्यांनी त्याला धरले तेव्हा तो म्हणाला, ज्या दिव्याच्या उजेडात मी जेवलो ती आग वेगळी आणि गाव जाळणारी आग वेगळी. नागसेनांनी राजाला निवाडा विचारला. राजाने गावकऱ्यांच्या बाजूने कौल दिला, कारण ती आग त्या दिव्यातूनच निघाली होती. म्हणजे स्थिर कर्ता नसला तरी कार्यकारणाची परंपरा असते, आणि त्या परंपरेबरोबर उत्तरदायित्वही पुढे चालत येते. ‘आमची आज्ञावली स्वतःच शिकत गेली, तिने काय केले ते आम्हालाही सांगता येत नाही’ असे म्हणणारा निर्माता माडीवरच्या त्या माणसाहून वेगळे काही म्हणत नाही.

यावर कोणी असा आक्षेप घेईल की, तथागतांनी चेतनेलाच कम्म म्हटले आहे, आणि निर्मात्याची कोणाला मारण्याची चेतना नव्हती. मग दोष कसला? आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तर विनयातच सापडते. तिसऱ्या पाराजिकाच्या विवेचनात एक प्रसंग आला आहे. चिरगुटाने झाकलेले मूल आसनावर निजले होते. एक भिक्खू न पाहता त्यावर बसला आणि मूल दगावले. हेतू नसल्यामुळे त्याच्यावर पाराजिकाचा दोष आला नाही. परंतु गोष्ट तेथे संपविली गेली नाही. यापुढे न पाहता आसनावर बसू नये, बसेल त्याला दुक्कटाचा दोष लागेल, असा नियम घालून देण्यात आला. चेतनेचा विचार आणि दक्षतेचे कर्तव्य या दोन्ही गोष्टी विनयाने स्वतंत्रपणे सांभाळल्या आहेत. हेतू नव्हता म्हणून खुनी ठरविता येत नाही. पण पाहण्याचे कर्तव्य होते, ते केले नाही, याचे उत्तर द्यावेच लागते. टेंपीच्या रस्त्यावरील स्त्री ही त्या चिरगुटाखालील मुलासारखीच होती. ती तेथे असू शकते, हे पाहिले गेले नव्हते.

आपल्याकडे विनाचालक मोटारीचा प्रश्न अद्याप दारात आलेला नाही, असे म्हणून तो सोडून देता येणार नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री श्री. नितीन गडकरी यांनी २०१७ साली आणि पुन्हा डिसेंबर २०२३ मध्ये नागपूर येथे, अशा मोटारी भारतात येऊ देणार नाही, अशी भूमिका मांडली. लक्षावधी चालकांचा रोजगार जाईल, हे त्यांचे कारण. कष्टकऱ्याच्या भाकरीची ही काळजी आम्ही हलकी लेखत नाही. पण केवळ रोजगाराच्या भिंतीने हा प्रश्न अडविला तर ती भिंत पडेल त्या दिवशी आपल्या हाती नीतीही नसेल आणि कायदाही नसेल. शिवाय दुसरी बाजू पाहिली पाहिजे. २०२२ या एका वर्षात भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. ही सर्व माणसांनी चालविलेल्या वाहनांची कथा आहे. यंत्रामुळे यांतील काही जीव वाचणार असतील तर करुणेच्या दृष्टीने त्याचे स्वागतच करावे लागेल.

मात्र चालक असतानाही उत्तरदायित्व कसे सरकविले जाऊ शकते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगर येथे भरधाव आलिशान मोटारीने दुचाकीवरील दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. मोटार १७ वर्षांचा मुलगा चालवीत होता, असे पोलिसांचे म्हणणे. त्याच दिवशी बाल न्याय मंडळाने जामीन देताना ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातली, आणि त्यावर देशभर संताप उसळला. पुढे कुटुंबाच्या पगारी चालकावर गुन्हा अंगावर घेण्यासाठी दबाव आणला गेला, रक्ताचे नमुने बदलले गेले, असे आरोप पोलिसांनी ठेवले. त्यांचा निवाडा न्यायालयाने करावयाचा आहे. आमचा मुद्दा एवढाच की, अशा आरोपाचे स्वरूप आपल्या समाजाला परिचित आहे: दोष वरून खाली वाहतो आणि पगारी माणसापाशी येऊन थांबतो. उद्या तेथे पगारी माणूसही नसेल, मग दोष यंत्रावर जाईल. आणि यंत्राला ना तुरुंग आहे, ना लज्जा.

आपल्या कायद्यात याचे उत्तर अगदीच नाही असे नाही. दिल्लीतील श्रीराम कारखान्याच्या वायुगळतीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर १९८६ रोजी असे ठरविले की, धोकादायक उद्योग चालविणाऱ्यावर पूर्ण उत्तरदायित्व असते आणि ते त्याला दुसऱ्यावर ढकलता येत नाही. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात झालेल्या दुरुस्तीने अल्पवयीनाच्या गुन्ह्यासाठी पालक वा वाहनमालकाला जबाबदार धरले आणि सदोष वाहने परत मागविण्याची तरतूद केली. ब्रिटनने २०२४ च्या कायद्यात स्वयंचलित मोटार कशी चालते याचे उत्तरदायित्व घेणारी अधिकृत संस्था आधीच निश्चित असली पाहिजे, असे तत्त्व स्वीकारले. हे सारे दिवा लावणाऱ्याला शोधण्याचेच प्रयत्न आहेत.

हा विचार कसोटीस लावावयाचा तर तो परदेशातील आखीव रस्त्यावर न ठेवता आपल्या रस्त्यावर ठेवला पाहिजे. परभणीहून गंगाखेडकडे जाताना लागणारे पोखर्णी हे गाव घ्या. नृसिंहाच्या मंदिरामुळे प्रसिद्ध असलेल्या या गावी यात्रेकरूंची वर्दळ असते. मराठवाड्यातील अशा कोणत्याही फाट्यावर उसाची बैलगाडी, मागे दिवा नसलेली ट्रॅक्टरची ट्रॉली, डोक्यावर भारा घेतलेली मजूर स्त्री आणि शाळेतून परतणारी मुले एकाच रस्त्याने जातात. पांढरे पट्टे क्वचितच असतात, आणि रस्ता ओलांडावयाचा तो जेथे वाट फुटते तेथेच. टेंपीच्या यंत्राच्या रचनेत पट्ट्याबाहेरच्या पादचाऱ्याला जागा नव्हती. त्या हिशेबाने पोखर्णीच्या रस्त्यावरील जवळजवळ प्रत्येक माणूस रचनेच्या बाहेर पडतो. ज्यांना गावाबाहेर ठेवण्याची प्रथा या देशात शतकानुशतके चालली, त्यांना यंत्राच्या कल्पनेबाहेर ठेवले जाणे ही किरकोळ तांत्रिक उणीव म्हणून सोडता येणार नाही.

म्हणून ‘मॉरल मशीन’च्या कर्त्यांनी विचारलेल्या प्रश्नाच्या जागी आम्ही तीन प्रश्न ठेवू इच्छितो. मोटार रस्त्यावर येण्यापूर्वी, ती ज्या रस्त्यावर धावणार तेथे कोण कोण चालते हे कोणी पाहिले? न पाहिल्यास उत्तर देणारा माणूस, पदासह आणि नावासह, कोण? आणि त्या यंत्राच्या आज्ञावलीत माणसामाणसांत भेद करणारी एखादी ओळ आहे काय? या तिन्हींची उत्तरे अपघाताच्या आधी, लेखी आणि जाहीरपणे मिळाली पाहिजेत. ती देण्यास जो तयार नाही, त्याला पोखर्णीच्या फाट्यावरून आपले यंत्र नेण्याचा नैतिक अधिकार नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.